तुटक रेघांचा मुलूख

पोलादपूर सोडून महाबळेश्वरकडे निघालं की आंबेनळी घाट लागतो. कोकणच्या तळापासून सव्वातेराशे मीटरांच्या पठारापर्यंत हा एकच रस्ता चढत जातो. पर्यटक तो एका दमात चढतात. प्रतापगडाच्या फाट्यावर चहा-भजी झाली की पुढचा थांबा थेट महाबळेश्वरची बाजारपेठ. आमच्या जीपचं तसं नव्हतं. पुढच्या सीटवर बसलेले सर दर दोन वळणांनी हात वर करायचे, चालककाका गाडी कडेला घ्यायचे आणि मागचे विद्यार्थी हातोडे, पिशव्या घेऊन खाली उड्या मारायचे. सर आयुष्यभर भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले; विद्यार्थी एम.एस्सी.चे, आणि मी या लोकांचं काम चालतं कसं ते बघायला म्हणून त्यांच्याबरोबर आलेली.

जमिनीखाली काय आहे ते कळायला खणावं लागतं, असं आपण धरून चालतो. सह्याद्रीत ते खणण्याचं काम सावित्री-कोयनेसारख्या नद्यांनी, आणि उरलंसुरलं घाटरस्ते फोडणाऱ्यांनी करून ठेवलं आहे. पठारावर उभं राहिलं तर पायाखाली एकच खडक असतो. घाटात मात्र तेच पठार आडवं कापलेलं दिसतं. म्हणून महाराष्ट्राचा भूशास्त्रीय नकाशा मुख्यतः घाटांमध्ये तयार झाला: कसारा, बोर, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली. २०२१ च्या जुलैत अतिवृष्टीने आंबेनळीत जागोजाग दरडी कोसळल्या आणि घाट बंद पडला, तेव्हा गावांचे हाल झाले. त्याच दरडींनी उघड्या पडलेल्या ताज्या खडकांसमोर आता विद्यार्थी वह्या उघडून उभे होते. हा धंदा थोडा निर्दयच आहे.

कामाला सुरुवात होते ती सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटपासून. आंबेनळीचा वरचा भाग, प्रतापगड आणि महाबळेश्वर येतात ४७ जी/९ या पत्रकात, तर पोलादपूर शेजारच्या ४७ जी/५ मध्ये. एकास पन्नास हजार प्रमाण, म्हणजे कागदावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवर एक किलोमीटर. त्यावर समोच्च रेषा असतात, ओढे असतात, देवळं असतात, खडक नसतो. तो आपण भरायचा. त्यासाठी ठरावीक वाटांनी चालायचं, जिथे खडक उघडा दिसेल तिथे थांबायचं, जागा आणि उंची टिपायची, आणि एक खडक संपून दुसरा सुरू होतो ती सीमा कागदावर आणायची. सीमा डोळ्यांनी दिसली तर सलग रेघ. माती-झाडीखाली असेल पण इथूनच जात असणार असा अंदाज असेल तर तुटक रेघ. भूशास्त्रीय नकाशा प्रामाणिक आहे की नाही हे त्यावरच्या तुटक रेघा बघून कळतं, असं सरांचं मत. सगळ्या रेघा सलग दिसल्या तर नकाशा करणारा फारसा हिंडलेला नाही, असं खुशाल समजावं.

पहिल्याच मोठ्या थांब्यावर सरांनी सगळ्यांना कातळाच्या पायथ्याशी नेलं. दुरून पाहिलं तर नुसती काळी भिंत. जवळ गेल्यावर तिच्यात चढता क्रम दिसायला लागला. तळाशी बोटाएवढ्या जाड उभ्या नळ्या, पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. लाव्हा सरकत जाऊन थिजू लागला तेव्हा वायू वर निसटला, त्याच्या या वाटा. काही नळ्या वरच्या टोकाला एका बाजूला कललेल्या होत्या. लाव्हा कुठल्या दिशेने वाहत होता ते त्यावरून ताडता येतं. त्यावर पाच-सात मीटर घट्ट, एकसंध काळा पाषाण. हातोडा मारला की खणखणतो. आणखी वर खडक भोकाभोकांचा होत जातो, कारण थिजताना वायूचे बुडबुडे वर जमले. ती भोकं पुढे झिओलाइट, कॅल्साइट, गारेने भरून निघाली. यालाच आपल्याकडे विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. आणि सगळ्यात वर विटेसारखा लाल पट्टा, हातभर जाडीचा. नखाने कोरला तर पूड सुटते, बोट लाल होतं. लाव्हाचा एक लोट थिजला, त्याच्या माथ्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली, आणि मग पुढच्या लोटाने ती भाजून काढली. लाल पट्टा संपला की पुन्हा नळ्या, पुन्हा काळा पाषाण. दुसरा लोट.

दोन लोटांमध्ये किती वर्षं गेली असतील? लाल पट्ट्याच्या जाडीवरून सांगता येत नाही. मात्र याच पट्ट्यांमध्ये दूरच्या ज्वालामुखींच्या राखेतून आलेले झिरकॉनचे सूक्ष्म कण सापडतात, आणि झिरकॉनमधल्या युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून वय काढता येतं. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये अशी वयं प्रसिद्ध केली. सह्याद्रीचा बहुतेक डोलारा ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, जेमतेम दहा लाख वर्षांच्या आत रचला गेला. डायनोसॉर नाहीसे झाले तोच हा काळ, त्यामुळे जगभरचे लोक आपल्या घाटांत येऊन लाल माती पिशव्यांत भरून नेतात. गावकऱ्यांना याचं नवल वाटतं, आणि ते साहजिक आहे.

आता खरी अडचण. लोट ओळखता आला, पण कुठला लोट? खाली मोजलेला तिसरा लोट दरीपलीकडच्या डोंगरात कितवा? रंगाने सगळे काळे, वजनाला सगळे जड, आणि दख्खनचा हा लाव्हा आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला. लोट मोजत आणि उंची जुळवत जावं, तर मधेच एखादा लोट पातळ होत संपतो, दुसरा भलतीकडून सुरू होतो. शंभर-सव्वाशे वर्षं हीच रड होती. विल्यम साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या या आडव्या थरांचं वर्णन १८३० च्या दशकात छापलं. १८५१ मध्ये थॉमस ओल्डहॅम कलकत्त्यात उतरले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण सुरू झालं. कोळसा, सोनं, चुनखडी यांच्या मुलखांचे नकाशे बारकाईने होत गेले. आपल्या वाट्याला मात्र बराच काळ नकाशावरचा एकच सलग रंग आला: ‘दख्खन ट्रॅप’. क्वचित कुठे ओळखीची खूण मिळायची. कसारा घाटात एका लोटात फेल्स्पारचे बोटाच्या पेरापेक्षा मोठे स्फटिक दिसतात, तसा थर दूरवर पाठलाग करता येतो. आंबेनळीत अशी सोय नाही.

हा पेच सुटला तो रसायनशास्त्राने, आणि त्याची एक महत्त्वाची प्रयोगभूमी नेमका हाच घाट होती. महाड ते महाबळेश्वर या छेदाचा अभ्यास नजफी, ऑक्सफर्डचे कीथ कॉक्स आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे रा. ना. सुखेश्वाला यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. १९८५ मध्ये कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वरच्या थरांची रासायनिक उतरंडच मांडली. १९८६ मध्ये बीन, हूपर, आय.आय.टी. मुंबईचे के. व्ही. सुब्बाराव वगैरेंनी ती पश्चिम घाटात दूरवर जुळवून दाखवली. डोळ्यांना सारखे दिसणारे लोट बेरियम, टायटॅनियम, झिर्कोनियम, स्ट्राँशियम यांच्या प्रमाणात वेगळे निघतात. लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या ग्रॅनाइटी कवचातला अंश त्यात मिसळतो, कधी जास्त, कधी जवळजवळ नाहीच. पोलादपूरच्या बाजूच्या खालच्या लोटांत अशी भेसळ बरीच. घाटाच्या मधल्या टप्प्यात एकदम कमी. बेरियम घसरतं, स्ट्राँशियमच्या समस्थानिकांचं गुणोत्तर उतरतं. वर महाबळेश्वरच्या जवळ बेरियम पुन्हा चढतं. या तीन टप्प्यांना पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर शैलसमूह अशी नावं मिळाली. पूर्ण उतरंड खालून वर अशी: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. दक्षिणेकडे त्याच्याही वर पन्हाळा आणि बेळगावजवळचं देसूर. शाळेत राजांच्या वंशावळी पाठ करायला लावतात, त्याऐवजी ही यादी दिली असती तर मला जास्त आवडलं असतं.

रसायन प्रयोगशाळेत कळतं, पण नमुना इथेच घ्यायचा असतो, आणि तो घेणं हे हमालीचं काम आहे. एक मुलगी लोटाच्या मधल्या घट्ट भागावर घण घालत होती. वरची सालपटं निघाली ती तिने फेकून दिली. ती गंजलेली, तपकिरी, पावसाने धुतलेली, त्यांच्यातलं रसायन आता विश्वासाचं नाही. आतून ताजा, निळसर काळा तुकडा निघाला. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तिने तो मला दाखवला: चमचमणाऱ्या पांढऱ्या काड्या फेल्स्पारच्या, मधे काळा चुरा, आणि एखादा तांबूस ठिपका ऑलिव्हिन कुजल्याचा. “यात पांढरा ठिपका गोल दिसला तर टाकून द्यायचा,” ती म्हणाली. गोल ठिपका म्हणजे नंतर भरलेलं भोक. ते नमुन्यात गेलं तर आकडे बिघडतात. मुठीएवढे तीन-चार स्वच्छ तुकडे पिशवीत, पिशवीवर क्रमांक, तोच क्रमांक आत चिठ्ठीवर, तोच वहीत, शेजारी उंची. उंचीसाठी जी.पी.एस. असतंच, पण दरीत त्याची उंची डळमळते म्हणून सर वायुदाबावर चालणारा जुना उंचीमापक गळ्यात बाळगतात आणि सकाळ-संध्याकाळ ज्ञात उंचीच्या ठिकाणी तो लावून घेतात. पुढे हे तुकडे दळले जाणार, पिठाच्या टिकल्या होणार, आणि एक्स-रे फ्लोरेसन्सच्या यंत्रात जाणार.

होकायंत्राची मजा वेगळी. भूवैज्ञानिक म्हटला की हातात होकायंत्र असणारच. पण या खडकात मॅग्नेटाइट आहे, आणि होकायंत्र कातळाला टेकवलं की सुई वाट्टेल तिकडे वळते. उघड्या माथ्यांवर वीज पडलेल्या जागी तर विचारूच नका. म्हणून इथे दिशा नेमकी हवी असेल तर सूर्याच्या सावलीवरून काढतात. हाच दोष दुसऱ्या बाजूने उपयोगाचा ठरला. लाव्हा थिजताना त्यातले चुंबकीय कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राप्रमाणे लागतात आणि तसेच राहतात. १९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या खडकांचं हे जुनं चुंबकत्व मोजलं, तेव्हा हा लाव्हा थिजला त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता असं दिसलं. भूखंडं सरकतात ही गोष्ट तोवर बऱ्याच विद्वानांना पटलेली नव्हती. आंबेनळीच्या बहुतेक चढणीत चुंबकत्व आजच्या उलट आहे. महाबळेश्वरच्या अगदी वरच्या लोटांत ते आजच्यासारखं होतं. म्हणजे हा बदल ज्या उंचीवर येतो, ती नकाशासाठी आणखी एक पक्की रेघ झाली.

एवढं सगळं करून हाती काय लागतं? घाटाघाटांतले नमुने जुळवले की एकाच शैलसमूहाचा तळ एका डोंगरात किती उंचीवर आणि दुसऱ्यात किती, हे कळतं. त्यातून निघालं की सह्याद्रीचे थर आडवे दिसत असले तरी महाबळेश्वरच्या या भागात ते दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. किंचित म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. किलोमीटरमागे पाचेक मीटरांचा उतार. कातळावर उभं राहून कुठल्याही उपकरणाने तो पकडता येणार नाही. पण शंभर किलोमीटरमध्ये तो पाचशे मीटर होतो. उत्तरेकडे इगतपुरीला जे थर आपल्याला पायाखाली दिसतात ते इथे खोल गाडलेले आहेत, आणि इथे माथ्यावर असलेले थर दक्षिणेत खाली उतरत जातात. पुढे तर आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळचे बेसाल्टही आंबेनळी-महाबळेश्वरच्या रसायनाशी जुळले. हजारेक किलोमीटर वाहत गेलेला लाव्हा!

महाबळेश्वरला पोचलो तेव्हा बाजारात कणसं आणि चणे यांचा धूर होता. तिथे फार रेंगाळण्यासारखं नाही. पठारावर खडक बदलतो: जांभा. हाच पाचगणीच्या टेबललँडची टोपी आहे. बेसाल्ट जागच्या जागी लाखो वर्षं झिजून त्यातलं विरघळणारं सगळं वाहून गेलं आणि लोह-ॲल्युमिनियम मागे उरलं. रत्नागिरीकडचा घरबांधणीचा चिरा म्हणजेही जांभाच, पण तो हजारएक मीटर खाली, वेगळ्या पृष्ठभागावर तयार झालेला. सारखा दिसतो म्हणून दोन्हींना एकाच रेघेत गोवलं तर नकाशा फसतो. जांभ्याच्या तळाला पांढुरकी चिकणमाती असते. वरचं पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपतं, त्या मातीवर अडतं आणि कडेला झरा होऊन फुटतं. क्षेत्र महाबळेश्वराच्या पंचगंगेचं पाणी बघायचं तर हेही मनात ठेवून बघावं.

उतरणीवर एका स्ट्रॉबेरीच्या शेतात बोअर घेतलेलं होतं. सरांनी शेतकऱ्याला विचारलं, “दादा, माल काय काय निघाला?” त्याने यादी सांगितली: वर तांबडी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, काळा पाषाण, परत गेरू, परत पाषाण. पाणी मांजऱ्यात. “गेरू लागला की मशीनवाला म्हणतो केसिंग टाका, नाहीतर भोक ढासळतं.” सरांनी प्रत्येक थर किती फुटांवर लागला ते विचारून लिहून घेतलं. विद्यार्थ्यांनी घाटात दिवसभर जे वाचलं होतं तेच हा माणूस फुटांत सांगत होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोकही विहिरी आणि बोअरच्या अशा नोंदी जमवतात; जिथे घाट नाही त्या सपाट तालुक्यांत खालचं कळायला त्यांच्यासारखा आधार नाही.

पण विहीर आणि बोअर शंभर-दोनशे मीटरांपर्यंत. लाव्हाचा तळ कुठे आहे, आणि त्याखाली काय? त्यासाठी आम्ही साताऱ्यावरून, उंब्रज-पाटण मार्गे कोयनानगर गाठलं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसं गेली. धरणातल्या पाण्यामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात अभ्यासलेलं ठिकाण ते हेच, आणि लहान-मोठे धक्के अजून थांबलेले नाहीत. धक्के उगम पावतात लाव्हाच्या खालच्या खडकात. आणि तो तर कुठेच उघडा नाही. मग अप्रत्यक्ष उपाय. १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन ओळींवर जमिनीत सुरुंग उडवून लहरी खालून परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. गुरुत्वाकर्षणाची मोजणी झाली: बेसाल्ट जड, ग्रॅनाइट हलका, त्यामुळे खालची रचना बदलली की गुरुत्वात हजारांश-लक्षांशाहून बारीक फरक पडतो. पुढे पृथ्वीच्या नैसर्गिक विद्युतचुंबकीय लहरींवरूनही लाव्हाची जाडी काढली गेली, कारण ग्रॅनाइटमधून वीज बेसाल्टपेक्षा कितीतरी कष्टाने वाहते.

अशा मोजणीतून निघणारं उत्तर एकच नसतं, हे इथे नीट दिसतं. १९७३ मध्ये कृष्ण ब्रह्मम आणि नेगी यांनी गुरुत्वाच्या आकड्यांवरून मांडलं की लाव्हाखाली दोन खचदऱ्या गाडलेल्या असाव्यात, एक कोयनेखाली आणि एक कुर्डुवाडीच्या बाजूला. तर्क जोरदार होता. खचदरी म्हटली की तिच्यात गाळाचे जाड थर हवेत. चाळीसेक वर्षांनी कोयना परिसरात खोल विंधन झालं. रासाटीच्या बोअरमध्ये ९३२.५ मीटरवर बेसाल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. गाळाचा थर नाही. आसपासच्या बोअरमध्येही तेच. गोठणे येथे २०१७ साली तीन किलोमीटर खोलीचं पथदर्शक बोअर पुरं झालं; तिथे बेसाल्ट १२४७ मीटर.

विंधनातून निघालेले खडकाचे गज कराडच्या बोअरहोल जिओफिजिक्स रिसर्च लॅबोरेटरीत लांबट पेट्यांमध्ये ओळीने ठेवलेले असतात. बघायला परवानगी मिळाली. काळा बेसाल्ट, पांढरे ठिपके, लाल पट्टा. आंबेनळीतलंच सगळं, फक्त मनगटाएवढ्या जाडीत. मग एका पेटीत काळा संपतो आणि करडा-गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा खडक सुरू होतो. काळा ६.६ कोटी वर्षांचा, करडा अडीचशे कोटींहून जुना. मधल्या काळाचं काहीच नाही. विद्यार्थ्यांतला एकजण त्या जागेवर बोट ठेवून बराच वेळ हिशेब करत होता. रासाटीची जमीन समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर उंच, म्हणजे हा तळ समुद्राच्या पातळीच्या बराच खाली. सह्याद्री वर जितका दिसतो तेवढ्यावर तो संपत नाही.

कराडच्या लॉजवर रात्री छेदचित्र काढायला घेतलं. पश्चिमेला कोयना, पूर्वेला किल्लारी. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटरचं बोअर झालं होतं. तिथे बेसाल्ट ३३८ मीटर, त्याखाली आठेक मीटर गाळ, मग ग्रॅनाइट. मुलांनी दोन्ही तळ पट्टीने जोडून टाकले. सरांनी खोडरबर मागितला. दोन बोअरमध्ये तीनशे किलोमीटर अंतर आहे, त्यात कुर्डुवाडी येते, आणि एकीकडे गाळ मुळीच नाही, दुसरीकडे थोडा आहे. मग मध्ये काय काय असू शकेल ते आधी सांगा, असं म्हणून ते बसले. एकीने मधे खड्डा काढला, दुसऱ्याने पायऱ्या काढल्या, तिसऱ्याचं म्हणणं पडलं की लाव्हा यायच्या आधीच तिथे टेकड्या असतील. तिघांच्याही रेघा तुटक होत्या, तेव्हा सरांनी तिन्ही ठेवायला सांगितल्या, आणि खाली पेन्सिलीने सोलापूरकडच्या ज्या तालुक्यांतून बोअरच्या नोंदी मागवायच्या त्यांची यादी करायला घेतली.